आकाशातील शिरस्त्राण : सजावटीची हौस आणि सुरक्षिततेचे गणित

विमानातून बाहेर झेप घ्यायची, काही काळ पॅराशूट न उघडता हवेतून खाली येत राहायचे आणि ठरलेल्या उंचीवर ते उघडून जमिनीवर उतरायचे, अशा क्रीडाप्रकाराला स्कायडायव्हिंग म्हणतात. पॅराशूट उघडण्यापूर्वीच्या टप्प्याला फ्रीफॉल, म्हणजे मुक्त पतन, असे नाव आहे. हा खेळ जितका धाडसाचा तितकाच हौसेचा आहे, आणि ही हौस वेशभूषेतून, पॅराशूटच्या रंगांतून व अलीकडे प्रामुख्याने हेल्मेटच्या सजावटीतून व्यक्त होताना दिसते. कोणी हेल्मेटवर शिंगे बसवतो, कोणी चोच, तुरा, मुकुट किंवा प्राण्याचे कान लावतो, कोणी संपूर्ण हेल्मेटलाच कवटीचा अथवा एखाद्या चित्रपटातील पात्राच्या मुखवट्याचा आकार देतो. छायाचित्रात आणि चित्रफितीत ही हेल्मेटे उठून दिसतात, आणि उडीचे चित्रीकरण हा आता या खेळाचा जवळजवळ अविभाज्य भाग झाल्यामुळे अशा वेगळेपणाला मागणीही आहे. मात्र ताशी दोनशे किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात डोक्यावरची प्रत्येक वस्तू काहीतरी काम करत असते. ती उपयोगाचे काम करत नसेल तर बहुधा अडथळ्याचे करते. म्हणून सजवलेल्या हेल्मेटचा विचार सौंदर्याच्या आधी यंत्रशास्त्राच्या अंगाने करणे आवश्यक ठरते.

मराठी माणूस आणि पॅराशूट

पॅराशूटशी महाराष्ट्राचा संबंध प्रथम आला तो सैन्यामार्फत. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेश मुक्तियुद्धात टांगाईलजवळ विमानांतून उतरवण्यात आलेली पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. अशा लष्करी उड्यांमध्ये बहुतेक वेळा विमानाला जोडलेल्या पट्ट्याच्या ओढीने पॅराशूट आपोआप उघडते आणि मुक्त पतनाचा टप्पा जवळजवळ नसतोच, त्यामुळे ही पद्धत क्रीडाप्रकारातील उडीपेक्षा वेगळी आहे. मुक्त पतनाची प्रात्यक्षिके सर्वसामान्य भारतीयांनी पाहिली ती मुख्यतः १९८७ मध्ये स्थापन झालेल्या हवाई दलाच्या ‘आकाशगंगा’ या पथकाकडून.

नागरी क्षेत्रात या खेळाचे नाव मराठी घराघरांत पोहोचवले ते पुण्याच्या शीतल महाजन यांनी. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी कोणतीही सराव उडी न घेता उत्तर ध्रुवावर, सुमारे २,४०० फूट उंचीवरील हेलिकॉप्टरमधून आयुष्यातील पहिली उडी घेतली. डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर उडी घेतली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेतली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांची सर्वांत बोलकी उडी मात्र फेब्रुवारी २०१८ मधील आहे. थायलंडमधील पट्टाया येथे त्यांनी सुमारे १३,००० फुटांवरून नऊवारी साडी नेसून उडी घेतली, आणि ती छायाचित्रे देशभर गाजली. सव्वाआठ मीटर लांबीचे वस्त्र वाऱ्यात मोकळे सुटणे म्हणजे पॅराशूटच्या दोऱ्यांत गुंता होणे, हे उघड असल्यामुळे त्या उडीचा कस साडी अंगाशी घट्ट बसवण्यात होता. काष्टा मारून नेसलेली नऊवारी मुळातच पायांना मोकळीक देते, ही तिची जमेची बाजू होती. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की साडीवर हार्नेस, म्हणजे पॅराशूट अंगाला जोडणारी पट्ट्यांची जाळी, होतीच. शिवाय हेल्मेट, गॉगल, बूट आणि संपर्काचे साधन ही सारी नेहमीची सामग्रीही जागच्या जागी होती. वेगळेपणा पोशाखात होता, सुरक्षिततेच्या साधनांत त्याने हस्तक्षेप केला नव्हता.

वेषांतर करून उडी घेण्याची परंपरा जगात इतरत्रही जुनी आहे. १९९२ च्या ‘हनिमून इन व्हेगस’ या चित्रपटानंतर एल्व्हिस प्रेस्लीच्या वेषात उड्या घेणारे पथक अमेरिकेत लोकप्रिय झाले. २७ जुलै २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात राणी एलिझाबेथ यांच्या वेषात गॅरी कॉनरी या कसरतपटूने हेलिकॉप्टरमधून झेप घेतली. अशा उड्या हजारो प्रेक्षकांना आनंद देतात, पण त्या अनुभवी व्यक्तींनी आणि पूर्वतयारीने केलेल्या असतात. अडचण निर्माण होते ती हीच कल्पना एखादा नवखा हौशी उडीबाज बाजारातून आणलेल्या चिकटपट्टीच्या आणि स्क्रूच्या आधारे डोक्यावर बसवतो तेव्हा.

हेल्मेट नेमके कशापासून वाचवते

पॅराशूट उघडलेच नाही तर हेल्मेटचा काय उपयोग, हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो आणि तो रास्तही आहे. पोटाच्या बाजूने खाली येणाऱ्या माणसाचा वेग काही सेकंदांतच ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटरवर स्थिरावतो, कारण तेथे हवेचा विरोध आणि शरीराचे वजन यांचा समतोल साधला जातो. डोके खाली करून येणाऱ्याचा वेग ताशी २५० किलोमीटरच्याही पुढे जातो. या वेगाने जमिनीवर आदळणारे डोके हेल्मेटच्या दोन सेंटिमीटर अस्तरात थांबवायचे झाल्यास त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ आठ हजार पट मंदनबल येईल, आणि कोणत्याही हेल्मेटची ती क्षमता नाही. म्हणजेच आकाशातील हेल्मेट हे पॅराशूटच्या अपयशावरचा उपाय नाही.

त्याचे काम त्याहून लहान वेगांच्या, पण कितीतरी अधिक वेळा घडणाऱ्या धडकांशी आहे. विमानाच्या अरुंद दारातून बाहेर पडताना डोके चौकटीवर आपटू शकते. अनेक जण हवेत एकत्र येऊन रचना करत असताना एकाचा गुडघा किंवा बूट दुसऱ्याच्या कपाळावर बसू शकतो. एक पोटावर आणि दुसरा डोक्यावर उडत असल्यास दोघांच्या वेगातील फरकच ताशी ८० किलोमीटर असू शकतो. पॅराशूट उघडताना त्याचे पट्टे कानशिलावर फटका देऊ शकतात. आणि उतरताना पाय अडखळून माणूस तोंडघशी पडू शकतो. दीड मीटर उंचीवरून खाली येणारे डोके ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने जमिनीला भिडते. ते दोन मिलिमीटरमध्ये थांबले तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७५० पट मंदन येते. तेच दोन सेंटिमीटर दाबल्या जाणाऱ्या अस्तरात थांबले तर ते ७५ पटीवर येते. जगणे आणि मेंदूला गंभीर इजा होणे यांतील अंतर अशा दोन सेंटिमीटरमध्ये सामावलेले असते.

या हिशेबाला आणखी एक पदर आहे. रस्त्यावर दुचाकीस्वाराला मार लागून तो बेशुद्ध झाला, तरी त्याची गाडी थांबते आणि मदत येऊ शकते; आकाशात बेशुद्ध झालेल्या माणसाचे पतन थांबत नाही आणि पॅराशूट उघडणारा हातही त्याचाच असतो. १९९१ मध्ये जर्मनीत बाजारात आलेल्या ‘सायप्रस’सारख्या स्वयंचलित उपकरणांनी हा धोका पुष्कळ कमी केला आहे, कारण ठरावीक उंचीपर्यंत येऊनही वेग कमी झाला नसेल, तर ती राखीव पॅराशूट आपोआप उघडतात. तरीही बेशुद्ध माणसाला त्या पॅराशूटची दिशा सांभाळता येत नाही आणि उतरताना पाय रोवता येत नाहीत. त्यामुळे स्कायडायव्हिंगमधील हेल्मेटचे पहिले कर्तव्य माणसाला शुद्धीवर ठेवणे हे आहे, आणि सजावटीचे मूल्यमापन याच कसोटीवर करावे लागते.

वारा, वजन आणि अडकणे

धावत्या एसटीच्या खिडकीतून येणारा वारा तळहातावर घेतला तर हात मागे ढकलला जातो, हे प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे. हवेचा हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. वीस सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद असा एखादा पसरट तुरा ताशी २०० किलोमीटरच्या वाऱ्यात आडवा आला, तर दोन-तीन किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेतही त्यावर सुमारे तीन किलोग्रॅम वजनाइतका जोर पडतो, आणि ताशी २८० किलोमीटर वेगाने डोके खाली करून उडणाऱ्यासाठी तो दुप्पट होतो. हा जोर हेल्मेटच्या मध्यावर नसून टोकावर लागत असल्यामुळे तो मान पिरगाळतो. सजावट एकाच बाजूला असेल, तर डोके सतत त्या बाजूला वळत राहते, आणि मुक्त पतनात शरीराची दिशा डोके, खांदे व हात यांच्या सूक्ष्म हालचालींवर ठरत असल्याने नवख्या उडीबाजाचा तोल जाऊन गिरकी लागण्याची शक्यता वाढते.

वजनाचा परिणाम पॅराशूट उघडण्याच्या क्षणी प्रकट होतो. त्या क्षणी वेग काही सेकंदांत ताशी दोनशेवरून वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत उतरतो, आणि शरीरावर साधारणपणे गुरुत्वाकर्षणाच्या तीन ते पाच पट बल येते. पॅराशूट अपेक्षेपेक्षा जोरात उघडले तर ते दहा पटीच्याही वर जाऊ शकते. हेल्मेटवर अर्धा किलोचा मुकुट बसवला असेल, तर अशा कडक उघडण्यात मानेला तो पाच किलोसारखा जाणवतो. डोक्याचे स्वतःचे वजन साडेचार-पाच किलो असते हे लक्षात घेतले, तर त्या क्षणी एकट्या मुकुटाचाच भार डोक्याच्या नेहमीच्या वजनाइतका होतो असे म्हणावे लागेल. हे वजन पुढे किंवा मागे झुकलेले असल्यास मणक्यावर येणारा ताण अधिकच वाढतो.

या दोहोंपेक्षाही गंभीर धोका अडकण्याचा आहे. पॅराशूट उघडण्याची क्रिया एका छोट्या पॅराशूटने सुरू होते. पाठीमागच्या खिशातून ते वाऱ्यात सोडले की पट्ट्याने जोडलेले मुख्य पॅराशूट बाहेर खेचले जाते, दोऱ्या ताणल्या जातात आणि मगच कापड फुगते. ही सारी हालचाल डोक्याच्या आसपास, एखाद-दोन सेकंदांत घडते. त्या मार्गात शिंग, हूक, तिरके स्क्रू किंवा कॅमेऱ्याचा लांब दांडा आला आणि दोरी त्यात अडकली, तर मुख्य पॅराशूट नीट फुगत नाही. ते तोडून राखीव पॅराशूट उघडायचे ठरवले, तरी अडकलेल्या दोऱ्यांमुळे मुख्य पॅराशूट शरीरापासून सुटत नाही आणि राखीव पॅराशूट त्यातच गुंतण्याचा धोका उभा राहतो. एका साध्या बिघाडाचे रूपांतर दुहेरी बिघाडात होण्यास डोक्यावरची पाच सेंटिमीटरची खुंटी पुरेशी असते. याच कारणामुळे कॅमेरा लावण्याच्या हेल्मेटांवर असा पट्टा किंवा कळ ठेवली जाते, की प्रसंग आल्यास एका हाताने ओढून हेल्मेट अथवा कॅमेरा तत्काळ सोडून देता यावा. आणि अमेरिकेतील पॅराशूट संघटना किमान दोनशे उड्यांचा अनुभव असल्याशिवाय कॅमेरा घेऊन उडी मारू नये, असा सल्ला देते. कॅमेऱ्यासारख्या सपाट, छोट्या वस्तूबाबत इतकी सावधगिरी सांगितली जात असेल, तर शिंगे आणि तुरे यांबाबत किती हवी, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

सजावट डोक्यावरून सुटली तर प्रश्न फक्त उडीबाजाचा राहत नाही. काही हजार फुटांवरून खाली येणारी कठीण वस्तू शेतात काम करणाऱ्या किंवा मैदानात उभ्या असलेल्या माणसाला गंभीर इजा करू शकते, शिवाय हवेत मागून वरच्या बाजूने येणाऱ्या सहकाऱ्याच्या चेहऱ्यावरही ती आदळू शकते.

डोळे, कान आणि हात

स्कायडायव्हिंगच्या हार्नेसवर छातीच्या दोन बाजूंना दोन महत्त्वाच्या मुठी असतात : एक बिघडलेले मुख्य पॅराशूट सोडून देण्यासाठी आणि दुसरी राखीव पॅराशूट उघडण्यासाठी. आणीबाणीत आधी मान वाकवून मूठ डोळ्यांनी पाहायची, मग ती पकडायची आणि मगच ओढायची, असा क्रम प्रशिक्षणात वारंवार घोटून घेतला जातो, कारण घाबरलेला हात चाचपडत भलतीच पट्टी पकडतो. हेल्मेटला लांब चोच, दाढी किंवा पुढे आलेला जबडा लावला, की नेमका छातीकडचा भाग नजरेआड होतो. मुखवट्याच्या आकाराच्या हेल्मेटांत डोळ्यांची छिद्रे लहान असल्याने बाजूची दृष्टीही आक्रसते. आणि आकाशात इतरांशी टक्कर टाळण्यासाठी माणूस जितका समोर पाहतो तितकाच बाजूंना व वर पाहत असतो.

कानांचे कामही दुर्लक्षिण्यासारखे नाही. अनेक हेल्मेटांत कानाजवळ छोटे उंचीमापक यंत्र बसवलेले असते, जे ठरलेल्या उंचीवर मोठ्याने शीळ वाजवून पॅराशूट उघडण्याची वेळ झाल्याचे सांगते. सुमारे १३,००० फुटांवरून उडी घेतल्यावर मुक्त पतनाचा काळ एक मिनिटाच्या आत-बाहेर असतो, त्यामुळे या आवाजाला मोठे महत्त्व आहे. हेल्मेटवरच्या छिद्रांतून, कडांतून आणि सैल भागांतून वाऱ्याने निर्माण होणारा शिट्टीसारखा आवाज हा इशारा झाकू शकतो. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटची काच हवा येण्याची छिद्रे सजावटीने बुजल्यामुळे धुरकट झाली, तर डोळेही निकामी होतात. अशा वेळी हात पॅराशूटच्या मुठीकडे जाण्याऐवजी काच वर करण्यात गुंततो, आणि त्या काही सेकंदांत माणूस शेकडो फूट खाली आलेला असतो.

रंग, गोंद आणि भोके

सजावटीचा न दिसणारा परिणाम हेल्मेटच्या द्रव्यावर होतो. साधारणपणे हेल्मेटचे बाहेरचे कवच पॉलिकार्बोनेट, एबीएस प्लास्टिक, काचतंतू किंवा कार्बनतंतू यांपासून बनवतात, आणि आतील अस्तर पॉलिस्टायरिनच्या फेसाचे, म्हणजे बोलीभाषेतील थर्मोकोलच्या दाट प्रकाराचे, असते. काही स्कायडायव्हिंग हेल्मेटांत मात्र त्याऐवजी वारंवार दबून पुन्हा फुगणारा फेस वापरतात. कवच आघात मोठ्या क्षेत्रावर पसरवते आणि अस्तर दबून तो शोषून घेते. या दोहोंचे सहकार्य बिघडले, तर हेल्मेट दिसायला तसेच राहूनही निरुपयोगी ठरते.

फवारणीच्या रंगांतील, थिनरमधील आणि काही गोंदांतील द्रावके पॉलिकार्बोनेटमध्ये केसासारख्या सूक्ष्म चिरा पाडू शकतात, ज्या डोळ्यांना दिसत नाहीत पण धडकेच्या वेळी उघडतात. ॲसिटोनसारखे द्रावक तर पॉलिस्टायरिनचा फेस सरळ विरघळवते. स्क्रू बसवण्यासाठी कवचाला भोक पाडले, की त्या भोकाभोवती ताण एकवटतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. स्क्रूचे आतले टोक अस्तरातून वर आले, तर आघात पसरण्याऐवजी कवटीच्या एका बिंदूवर केंद्रित होतो. बाहेरच्या बाजूचा उंचवटाही तितकाच घातक आहे. गुळगुळीत, गोल हेल्मेट जमिनीवर घासत पुढे सरकते, तर शिंग जमिनीत रुतून डोक्याला झटक्याने फिरवते, आणि मेंदूच्या अनेक गंभीर इजा अशा फिरकीतून होतात.

मानके काय सांगतात

‘नॉव्हेल्टी हेल्मेट’ हा शब्दप्रयोग अमेरिकेत मोटारसायकलस्वारांच्या संदर्भात रूढ झाला. हेल्मेटसारखे दिसणारे, पण सुरक्षा-मानक न पाळणारे हलके टोप असा त्याचा अर्थ आहे. अशा टोपांचे अस्तर बहुधा एक इंचापेक्षा पातळ असते, आणि त्यांचे वजन मानकाप्रमाणे बनवलेल्या हेल्मेटच्या निम्म्याहूनही कमी भरते. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानक क्रमांक २१८ मध्ये कवचाबाहेर आलेला कोणताही कठीण भाग पाच मिलिमीटरपेक्षा अधिक उंच असू नये, अशी मर्यादा घातलेली आहे. शिंगे आणि खिळे लावलेली हेल्मेटे त्या मर्यादेत बसणे शक्यच नाही.

हवाई खेळांसाठी युरोपात ईएन ९६६ हे मानक १९९६ पासून अस्तित्वात आहे. ते मुख्यतः पॅराग्लायडिंग, हँगग्लायडिंग आणि हलकी विमाने यांना लक्षून तयार झाले असल्यामुळे, पुणे जिल्ह्यातील कामशेत किंवा सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे पॅराग्लायडिंग करणाऱ्यांच्या दृष्टीने ते अधिक थेट उपयोगाचे आहे. स्कायडायव्हिंगच्या हेल्मेटांसाठी फ्रान्समध्ये एक्सपी एस ७२-६०० हे स्वतंत्र मानक तयार करण्यात आले, आणि ऑस्ट्रेलियातील ‘कुकी’सारख्या काही निर्मात्यांनी आपली नवी हेल्मेटे त्यानुसार तपासून घेतली आहेत. तरीही या खेळात वापरल्या जाणाऱ्या अनेक हेल्मेटांना कोणत्याही आघात-चाचणीचा शिक्का नसतो. दीर्घकाळ या खेळात चामड्याच्या मऊ टोप्या वापरल्या जात होत्या, आणि प्रशिक्षकाच्या अंगाला बांधून घेतलेल्या टँडम उडीत प्रवाशाला आजही काही ठिकाणी तशीच मऊ टोपी देतात, कारण कठीण हेल्मेटचा फटका मागच्या प्रशिक्षकाच्या चेहऱ्याला बसू शकतो. टँडम वगळता सर्व शिकाऊ उडीबाजांनी कठीण कवचाचे हेल्मेट घातलेच पाहिजे, असा अमेरिकी पॅराशूट संघटनेचा नियम आहे.

भारतात केंद्र सरकारने ७ जून २०२२ रोजी राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले, आणि स्कायडायव्हिंग, पॅराग्लायडिंग, बलूनिंग इत्यादी खेळांसाठी शिखर संस्था व प्रत्येक खेळाची स्वतंत्र संघटना अशी रचना त्यात सुचवली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींवरील साहसी पर्यटनासाठी धोरण आखले. धोरणे अशी असली, तरी उडी घेणाऱ्याच्या डोक्यावर काय असावे, हे शेवटी प्रशिक्षक आणि त्या केंद्राचा सुरक्षा अधिकारी यांच्याच नजरेने ठरते. त्यामुळे सजवलेले हेल्मेट नाकारण्याचा त्यांचा अधिकार ग्राहकाने मान्य करणे हाही सुरक्षिततेचा भाग आहे.

रस्त्यावरचे तेच हेल्मेट

हा प्रश्न केवळ आकाशापुरता नाही; वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन या गावाचे उदाहरण घेऊ. तेथे विमानातून उडी घेण्याची सोय नाही, आणि गावातील बहुसंख्य लोक स्कायडायव्हिंग केवळ पडद्यावर पाहतात. परंतु हेल्मेटच्या हौसेचा प्रश्न तेथील रस्त्यावरही तेवढाच खरा आहे. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगून विकली जाणारी स्वस्त हेल्मेटे, फक्त टाळू झाकणारे अर्धे टोप आणि त्यांवर चिकटवलेले रबरी तुरे व शिंगे ही विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी दिसणारी गोष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे; ते न घातल्यास कलम १९४ डी अन्वये एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरण्याची तरतूद आहे; आणि १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ या भारतीय मानकाचा आयएसआय शिक्का नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे व विकणे बेकायदा आहे. दंड टाळण्यासाठी घेतलेला पातळ टोप पोलिसाचे समाधान करतो, पण वर सांगितलेले दोन सेंटिमीटर त्यात नसतात.

येथे नऊवारीचे उदाहरण पुन्हा उपयोगी पडते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांमध्ये नऊवारी नेसून, डोक्यावर फेटा बांधून मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे दरवर्षी वृत्तपत्रांत झळकतात, आणि त्यांतील बहुतेकींच्या डोक्यावर हेल्मेट नसते. त्याच नऊवारीत तेरा हजार फुटांवरून उडी घेणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर मात्र हेल्मेट होते. परंपरेचा अभिमान आणि डोक्याचे रक्षण यांत मुळात विरोध नाही. विरोध निर्माण होतो तो सजावटीला रक्षणाच्या जागी बसवल्यावर.

हौस कोठे भागवावी

सजावटीचा पूर्ण निषेध करण्याचे कारण नाही. वेगळ्या रंगाच्या हेल्मेटमुळे हवेतील गटात कोण कोठे आहे हे ओळखता येते, प्रशिक्षकाला आपला विद्यार्थी दुरून दिसतो आणि चित्रफितीतही माणूस सापडतो. निर्मात्याकडूनच रंगवून घेतलेले कवच, निर्मात्याने मान्य केलेल्या गोंदाचे पातळ स्टिकर, ठळक रंगसंगती आणि अंगातल्या घट्ट जंपसूटवरील चित्रे यांतून पुष्कळ हौस भागते, कारण यांपैकी कशानेही हेल्मेटचा आकार, वजन किंवा ताकद बदलत नाही. पॅराशूटच्या कापडावर तर रंगांना जवळजवळ मर्यादाच नाही.

याउलट कवचाच्या पृष्ठभागाबाहेर येणारी कोणतीही वस्तू, कवचाला पाडलेले कोणतेही भोक, दृष्टी किंवा श्रवण आक्रसणारा कोणताही मुखवटा आणि एका हाताने क्षणात काढता न येणारे कोणतेही हेल्मेट आकाशात नेऊ नये. एकदा जोराची धडक बसलेले हेल्मेट बाहेरून चकचकीत असले तरी, आघात एकदाच शोषणारे अस्तर त्यात असेल, तर ते बदलावे. कामशेतला पॅराग्लायडिंगसाठी जाणाऱ्याने, परदेशी सहलीत टँडम उडी घेणाऱ्याने किंवा पुढे रीतसर प्रशिक्षण घेणाऱ्याने प्रशिक्षकाला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : हेल्मेट कोणत्या मानकाला उतरते, ते यापूर्वी आपटले आहे काय, आणि दोरी अडकली तर ते कसे सोडायचे. या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या दिवशी उडी न घेणे हाच शहाणपणाचा निर्णय होय.